मॅक्सीन वरच्या विभागात

बॅटरक्लफच्या बायकांचा फुटबॉल संघ देशातल्या सर्वांत वरच्या विभागात चढला, यात बॅटरक्लफच्या बायकांची फारशी चूक नव्हती. खालच्या विभागात त्या दुसऱ्या आल्या होत्या आणि दुसऱ्या येऊन समाधानी होत्या. पण पहिल्या आलेल्या संघानं एक पोरगी अर्धा हंगाम तिच्या बहिणीच्या नावावर खेळवली होती. बहिणीचं लग्न झालं, नवरीचा फोटो पेपरात आला आणि बिंग फुटलं. त्या संघाचे गुण कापले गेले, आणि मे महिन्यातल्या एका सकाळी मॅनेजर क्लाइव्ह सगडनच्या गालिच्यांच्या दुकानात फोन वाजला.

क्लाइव्हनं समोरच्या म्हातारीच्या हातात गालिच्याचं एक टोक दिलं, फोन ऐकला, आणि म्हातारीला तशीच उभी ठेवून तो रस्त्यावर पळत आला. समोरून मॅक्सीन ओल्डरॉइडची लाल गाडी येत होती. क्लाइव्ह दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभा राहिला.

आता गाडी मॅक्सीनची असली तरी चाक तिच्या हातात नव्हतं. मॅक्सीन गाडी शिकवायची. चाकावर होता एक दंतवैद्य. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालताना न डगमगणारा तो गृहस्थ क्लाइव्हला बघून असा गांगरला, की त्यानं सरळ डोळेच मिटून घेतले. मॅक्सीनच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जादा ब्रेक होता, म्हणून गाडी क्लाइव्हच्या गुडघ्याला टेकून थांबली.

"मॅक्स!" क्लाइव्ह बॉनेटवर थाप मारत ओरडला. "वर गेलो आपण! वर!"

"आत्ता तू एकटाच जाणार होतास," मॅक्सीन काच खाली करत म्हणाली.

मॅक्सीन तेव्हा अडतिशीची होती. उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा, की तिनं "डावीकडे" म्हटलं की शेजारच्या गाडीतला माणूसही डावीकडे वळायचा. शाळेत असताना एकदा गोलकीपर आली नाही, तेव्हा "तू उंच आहेस" एवढ्या एका गुणावर तिला गोलात उभं केलं होतं. तिथून तिला बाहेर काढायचं पुढं कुणाला सुचलंच नाही. वर्षानुवर्षं गाडी शिकवून तिच्या पायाला एक खोड लागली होती. समोर काही वाकडं होताना दिसलं की पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. गाडीत त्यानं जीव वाचायचे. गोलात मात्र आपल्या बचावफळीनं घोटाळा केला की मॅक्सीन चिखलात पाय दाबायची आणि चेंडू तिच्या अंगावर यायचा तेव्हा ती घोट्यापर्यंत रुतलेली असायची.

बचावफळीचा कणा होती पॉलेट लिंडो. ती इस्पितळात सुईण होती. तिचे आईवडील जमैकातून गिरणीच्या कामाला आले आणि बॅटरक्लफच्या थंडीला शिव्या देत तिथंच राहिले. पॉलेटनं त्या शिव्या आणि दणकट कंबर दोन्ही आईकडून घेतल्या होत्या. बाकीच्यांत पोस्टात काम करणारी एक, शाळेत जेवण वाढणाऱ्या दोघी, एक पोलीस, आणि त्या पोलिसानं एकदा पकडलेली एक, अशा सगळ्या. खेळायचे कुणाला पैसे मिळत नसत. मैदान होतं खाणकामगारांच्या क्लबाचं. खाण केव्हाच बंद पडली होती, क्लब मात्र जोरात चालू होता. मैदानाला एका बाजूला असा उतार होता, की अर्धा वेळ तुम्ही डोंगर चढायचा आणि अर्धा वेळ उतरायचा. सदऱ्यांवर छापलेलं असायचं, 'सगडनचे गालिचे'. सगळे सामने हरायला लागल्यावर समोरचे संघ त्यावरून काय बोलत असतील ते सांगायला नको. पायाखाली तुडवायलाच असतात, वगैरे.

आणि मॅक्सीनचा नवरा होता ट्रेव्हर.

ट्रेव्हर मिस्टर पिकल्स यांच्याकडे शववाहिनी चालवायचा. काळा कोट, काळे हातमोजे, खाली घातलेली मान. सोमवार ते शुक्रवार त्याच्या तोंडून "सावकाश, पायरी आहे" यापलीकडे शब्द निघत नसे. रडणाऱ्या माणसांसमोर बोलायचं तरी काय? ते सगळं न बोललेलं शनिवारी दुपारी बाहेर पडायचं. शनिवारी तो बॅटरक्लफ टाउनच्या सामन्याला जायचा. टाउन म्हणजे गावातल्या पुरुषांचा संघ. देशातल्या चार विभागांपैकी चौथ्यात, आणि चौथ्यातही तळाशी. वीस वर्षं ट्रेव्हर एकाच खांबाला टेकून टाउनच्या खेळाडूंना घसा फुटेस्तोवर शिव्या देत आला होता. पाऊस असो, बर्फ असो, दोनशे मैलांवरचा सामना असो, ट्रेव्हर हजर.

बायकोचे सामने रविवारी असायचे. लग्नाला पंधरा वर्षं झाली, ट्रेव्हरनं त्यातला एकही पाहिला नव्हता. रविवारी दुपारी मॅक्सीन चिखलानं माखून घरी यायची, तो भाजलेलं मटण ओव्हनमध्ये गरम ठेवून बसलेला असायचा आणि विचारायचा, "किती?" ती आकडा सांगायची. तो "हं" म्हणायचा आणि वाटाण्याचा लगदा पुढं सरकवायचा. कधी तिला वाटायचं, ह्यानं बाहेर कुणी बाई बघितली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण चौथ्या विभागातले अकरा ठोंबे! त्यांच्यासाठी माणूस बर्फात उभा राहतो, आणि घरातली बायको देशातल्या वरच्या दहा संघांत खेळते, तिला नुसतं "किती?"

ती हे बोलली नाही. बोलायची तिची रीत नव्हती. त्या ऑगस्टात मात्र तिनं एकदा सहज म्हटलं, "पहिला सामना घरच्या मैदानावर आहे."

"बरं," ट्रेव्हर म्हणाला. "छत्री ने."

पहिला सामना त्या सात गोलांनी हरल्या. दुसरा पाच. तिसऱ्यात फक्त तीन झाले तेव्हा क्लाइव्हनं सगळ्यांना चिप्स खाऊ घातल्या. वरचा विभाग म्हणजे काय, ते तेव्हा कुठं उमगायला लागलं होतं. इथल्या पोरी चेंडूकडे न बघता चेंडू मारत. पॉलेट म्हणाली, "मी ज्यांना जन्माला घातलं त्या वयाच्या आहेत गं ह्या. एकदोघींना तर मीच उलटं धरून रडवलं असेल. आता बदला घेताहेत."

ऑक्टोबरात शेजारच्या ब्रॅडनमूरचा संघ आला. त्यांच्या आघाडीच्या खेळाडूचं नाव जोडी क्लेग, वय एकोणीस. हिला मॅक्सीन चांगली ओळखत होती, कारण दर बुधवारी जोडी तिच्याकडे गाडी शिकायला यायची. गाडीत ती पोरगी म्हणजे भिजलेलं मांजर. "उजवीकडे वळू का? वळू? नको वळू?" असं विचारत विचारत वळण मागं टाकायची. मैदानावर तिनं मॅक्सीनला चार गोल मारले, आणि मग पेनल्टी मिळाली.

मॅक्सीनला वाटलं, ही आपल्या हातातली आहे. जोडी ज्या बाजूला वळायचं असेल तिच्या नेमक्या उलट्या आरशात बघते, हे तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. जोडीनं चेंडू ठेवला आणि उजवीकडे नजर टाकली. मॅक्सीननं जीव खाऊन दुसऱ्या बाजूला झेप घेतली. चेंडू, जोडीनं जिकडे बघितलं होतं, तिकडूनच अलगद आत गेला.

"आता बरोबर बघितलं ना?" जोडीनं जाळीतून चेंडू काढता काढता खुशीत विचारलं. "तूच म्हणतेस ना, जिकडे जायचं तिकडे आधी बघ!"

त्या बुधवारी मॅक्सीननं तिला चढावर, बाजारपेठेत, भर गर्दीत उलटी गाडी लावायला लावली. पुन्हा पुन्हा. जोडी रडकुंडीला आली. मागं उभा ट्रकवाला तर रडलाच म्हणतात.

नाताळ आला, गेला. संघाच्या नावावर एकही विजय नव्हता, एकही बरोबरी नव्हती. जानेवारीतल्या एका रविवारी डोंगरापलीकडे लँकेशायरात सामना होता. क्लाइव्हची मिनीबस घाटमाथ्यावर पोचेपर्यंत नुसती कण्हत होती. तिथं तिनं एक उसासा टाकला आणि देह ठेवला. चहूकडे ओसाड माळ, चार मेंढ्या, आणि रस्त्याकडेला टेलिफोनची एक लाल खोली. सामन्याला पोचलं नाही तर दंड, वर गुण कापणार. कापायला गुण नव्हते, ते वेगळं.

"मॅक्स," पॉलेट म्हणाली, "तुझ्या नवऱ्याकडे मोठ्या गाड्या असतात."

"त्या मेलेल्यांसाठी असतात."

"मग आपण काय आहोत? गुणतक्ता बघितलास का?"

मॅक्सीननं फोन लावला. ट्रेव्हर झोपेतून उठला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पिकल्ससाहेबांना विचारावं लागेल." मिस्टर पिकल्सनी थोडा विचार केला. रविवारी अंत्यविधी नसतात, गाड्या उभ्याच असतात. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. धंद्याच्या गाड्या बाहेर पडणार तर पूर्ण पोशाखात पडणार. काळा कोट, हातमोजे, उंच टोपी. लोकांनी पिकल्सच्या गाडीत स्वेटर घातलेला माणूस बघता कामा नये.

तासाभरानं माळावर दोन लांबलचक काळ्या गाड्या आल्या. पहिलीत ट्रेव्हर, दुसरीत त्याचा जोडीदार. शववाहिनी नव्हे, मागून घरच्यांना नेतात त्या. पण रंग तोच. बायका दाटीवाटीनं बसल्या, चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन. ट्रेव्हर सवयीनं वीस मैलांच्या वेगानं निघाला.

"अरे, दाब की जरा!" मॅक्सीन शेजारून ओरडली. तिचा पाय खाली नसलेला अॅक्सिलरेटर शोधत होता.

"ह्या गाडीतलं कुणी कधी घाईत नसतं," ट्रेव्हर म्हणाला. पण त्यानं वेग वाढवला.

वाटेत गावोगाव लोकांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला, तिला पॉलेटनं आतून हात हलवला. म्हातारी खालीच बसली. मैदानावर पोचले तेव्हा समोरचा संघ सराव थांबवून रांगेत मान खाली घालून उभा राहिला. कुणाचं तरी काही झालं असणार, अशी त्यांची समजूत. मग मागच्या दारातून पोस्टातली चिप्स खात उतरली.

घरी जायला दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे ट्रेव्हरला थांबणं भाग होतं. बाहेर हाडं गोठत होती. गाडीत बसावं तर काचा धुक्यानं भरलेल्या. तो मैदानाच्या कडेला आला, मॅक्सीनच्या गोलामागं एक खांब होता, त्याला टेकला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो बायकोला गोलात बघत होता.

सुरुवातीला तो गप्प होता. मग समोरच्यांनी पहिला गोल केला आणि खांबाला टेकलेल्या माणसाच्या आतलं काहीतरी सुटलं.

"पुढं ये की बये! गोलात काय झाड लावलंय का तुला?"

मॅक्सीननं चमकून मागं पाहिलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टाउनच्या मैदानावर दोन हजार माणसं एकदम ओरडतात, त्यात ट्रेव्हरचं ओरडणं समुद्रात थुंकल्यासारखं. त्याच्या शिव्या वीस वर्षांत एकाही खेळाडूच्या कानापर्यंत पोचल्या नव्हत्या. इथं पंचवीसेक माणसं होती, आणि तीही थंडीनं मुकाट. ट्रेव्हरचा शब्द न् शब्द पलीकडच्या गोलापर्यंत खणखणीत जात होता.

"हात आहेत का लटकवलेले मोजे?" तो पुढं म्हणाला. "अगं, तो चेंडू आहे, पाहुणा नाही, आत काय घेतेस!"

समोरच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पॉलेटचा चेंडू हुकला, तिलाही शिव्या मिळाल्या. "आणि तू गं! बाळ निघायची वाट बघतेस का तिथं उभी राहून? मार ना बाहेर!" क्लाइव्हलाही मिळाल्या. रेफ्रीला तर मिळाल्याच. काळ्या कोटात, उंच टोपीत, हातमोजे घातलेला एक माणूस मूठ हलवत आकाशपाताळ एक करत होता.

मॅक्सीननं पंचवीस मिनिटं सोसलं. मग ती गोल सोडून सरळ मागं वळली. "ट्रेव्हर ओल्डरॉइड! तू ये इथं! ये, घाल हे हातमोजे आणि दाखव!"

"मला सांगू नकोस, समोर बघ!"

"पंधरा वर्षं पाऊल टाकलं नाहीस, आणि आज आलास ते हे ऐकवायला?"

"अगं, समोर बघ!"

"मी बघते की समोर! तूच कधी बघितलं नाहीस!"

"मॅक्स, चेंडू!"

चेंडू तिच्या पाठीमागून, कुणालाही न दुखावता, घरंगळत जाळीत गेला. मारणारी पोरगी इतकी लाजली की तिनं आनंदही केला नाही.

रेफ्री हा एक बारीक, शांत माणूस होता. तो चालत खांबापाशी आला, टोपी बघितली, कोट बघितला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आपल्या घरातलं कुणी गेलंय का?"

"नाही. मी तिचा नवरा."

"मग तर आणखीच लांब जा," रेफ्री म्हणाला आणि त्यानं ट्रेव्हरला मैदानाबाहेर काढलं. उरलेला सामना ट्रेव्हरनं फाटकापलीकडे, गाडीच्या आडून बघितला. टपावरून त्याची टोपी तेवढी दिसत होती. तिथूनही त्याचा आवाज येत होता.

परतीच्या वाटेवर मॅक्सीन पुढच्या गाडीत ट्रेव्हरशेजारी बसली. मागं चौघी पोरी एकमेकींच्या पायांवर पाय देऊन हसू दाबत होत्या. घाटमाथ्यावर मेलेली मिनीबस दिसली, तेव्हा मॅक्सीन म्हणाली, "तू आला नसतास तर बरं झालं असतं."

"म्हणूनच येत नव्हतो," ट्रेव्हर म्हणाला. "मला माहीत होतं, माझ्यानं गप्प बसवणार नाही."

"एवढी वाईट खेळते का मी?"

ट्रेव्हरनं उतारासाठी गिअर बदलला. "टाउनचा गोली दगड आहे. त्याला ओरडलं काय, न ओरडलं काय. तू ते दोन्ही घ्यायला हवे होतेस. पहिला तर तुझ्या हातातलाच होता. तुला येतं गं. मग राग येणार नाही?"

मॅक्सीन खिडकीबाहेर बघू लागली. पहिला तिच्या हातातला होता, हे तिलाही माहीत होतं. आजवर तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. क्लाइव्ह नेहमी "छान प्रयत्न" म्हणायचा. सात गोलांनंतरही "छान प्रयत्न". तिला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून तिनं ट्रेव्हरला गिअर नीट टाक म्हणून दटावलं.

गुरुवारी सरावानंतर क्लबाच्या खोलीत तिनं सगळ्यांची माफी मागितली. "पुन्हा येणार नाही तो. मी सांगितलंय."

"का?" पॉलेटनं विचारलं.

"का म्हणजे? तुलाही बोलला की."

"बोलला ना. आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून फुटबॉल खेळतेय मी. लोक मला काय म्हणतात? 'अरे वा, बायकापण खेळतात!' कुत्र्यानं दोन पायांवर चालून दाखवल्यासारखं. त्या दिवशी पहिल्यांदा एक माणूस माझ्यावर खेळाडू म्हणून चिडला." पॉलेटनं बूट काढून चिखल झटकला, तो क्लाइव्हच्या चहात पडला. "बोलाव त्याला."

"मला तर तो पार 'गालिच्याच्या गुंडाळ्या' म्हणाला," क्लाइव्ह कुरकुरला.

"ते बरोबरच होतं," पोलीसबाई म्हणाल्या.

तेव्हापासून ट्रेव्हर रविवारीही खांबाला टेकू लागला. त्याच्या ओरडण्यानं संघ सुधारला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फेब्रुवारीत एक बरोबरी झाली, मार्चात आणखी एक, आणि बाकी सगळं पूर्वीसारखंच धुतलं गेलं. इतकंच झालं, की मॅक्सीन आता पुढं यायला लागली. चेंडू हवेत उंच आला की पूर्वी ती रेषेवर उभी राहून त्याचं भवितव्य बघत असे. आता मागून "ये, ये, ये!" अशी आरोळी यायची आणि ती दोनचार जणींना आडवं पाडत जाऊन चेंडू मुठीनं फटकावायची. त्यात बहुतेक वेळा पॉलेटच आडवी व्हायची. रविवारी जेवताना "किती?" हा प्रश्न संपला. त्याऐवजी मटण गार होईपर्यंत भांडण चालायचं.

एप्रिलच्या सुरुवातीलाच बॅटरक्लफ खाली जाणार हे पक्कं झालं. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, समोर लंडनचा संघ, जो त्या वर्षीचा विजेता ठरून चुकला होता. सामना होता रविवारी. पण खाणकामगारांच्या क्लबानं त्या रविवारी मैदान कुत्र्यांच्या प्रदर्शनाला दिलं. कुत्र्यांचं आधी ठरलं होतं, आणि कुत्र्यांना प्रेक्षकही जास्त येत. सामना शनिवारवर आला. त्याच शनिवारी, त्याच वेळी, बॅटरक्लफ टाउनचाही शेवटचा सामना होता. हरले तर टाउन चौथ्या विभागातूनही बाहेर.

आठवडाभर घरात कुणी तो विषय काढला नाही. शुक्रवारी रात्री ट्रेव्हर बूट पॉलिश करता करता म्हणाला, "टाउनचा शेवटचा सामना आहे उद्या."

"माझाही."

"तुमचं ठरलंय गं. तुम्ही खाली जाणार ते जाणारच. टाउनचं अजून ठरायचंय."

यात तर्काला जागा होती, हे मॅक्सीनला मान्य करावं लागलं. तिनं राग धरून पाहिला, पण नीट धरता येईना. वीस वर्षांचा खांब होता त्याचा तिथं. "जा," ती म्हणाली. "पण स्कार्फ घाल. घसा बसलाय तुझा."

शनिवारी लंडनच्या पोरी आल्या त्या आदल्या रात्रीचा जल्लोष डोळ्यांत घेऊन. दोघी बसमधून उतरताच कुंपणाकडे गेल्या आणि ओकल्या. तरीही पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी गोलावर अशी सरबत्ती लावली, की क्लाइव्हनं बघणंच सोडून दिलं. पण त्या दिवशी मॅक्सीनचं काहीतरी भलतंच चाललं होतं. एक चेंडू तिनं बोटाच्या टोकानं वर ढकलला. एक छातीवर घेतला. एक थेट तोंडावर घेतला आणि नाकातून रक्त वाहत असताना "मार बाहेर, पॉलेट, मार!" म्हणून ओरडली. मागून कुणी ओरडत नव्हतं, पण तिला सगळं ऐकू येत होतं. चेंडू हवेत चढला की ती रेषा सोडून निघालेली असायची.

मध्यंतरानंतर उतार बॅटरक्लफच्या बाजूचा झाला. संपायला थोडा वेळ उरला असताना त्यांना कॉर्नर मिळाला. पॉलेट पुढं गेली. तिला दोघींनी घेरलं होतं, त्यातल्या एकीला ती मान वळवून आपलं मत ऐकवत होती, त्यामुळे चेंडू आला तो तिनं बघितलाच नाही. चेंडू तिच्या पार्श्वभागावर सणसणीत आदळला, लंडनच्या गोलकीपरच्या डोक्यावरून गेला आणि जाळीत पडला. पॉलेट वळून विचारू लागली, "कुणी मारलं? कुणी मारलं मला?" तोवर सगळ्या तिच्या अंगावर पडल्या होत्या.

एक-शून्य. सबंध हंगामातला एकच विजय, तोही देशातल्या अव्वल संघावर, आणि पॉलेटच्या कमरेखालून. शिट्टी झाली तेव्हा मॅक्सीन गोलात एकटीच उभी होती. सगळ्या धावत तिच्याकडे येत होत्या, आणि तिनं एकदा त्या खांबाकडे पाहिलं. तिथं उद्याच्या प्रदर्शनासाठी आगाऊ आणलेलं एक कुत्रं बांधलेलं होतं.

ती घरी आली तेव्हा ट्रेव्हर स्वयंपाकघरात बसला होता. कोट तसाच अंगावर. टाउन चार गोलांनी हरलं होतं. वीस वर्षं ज्यांना शिव्या दिल्या ते आता शिव्या द्यायलाही उरले नव्हते. त्याचा आवाज पार गेला होता. त्यानं तिच्या सुजलेल्या नाकाकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात, जुन्या सवयीनं विचारलं, "किती?"

"एक-शून्य."

"एकच? बरं झालं की. चांगलं खेळलीस म्हणजे."

"आम्ही मारला, ट्रेव्हर."

ट्रेव्हरचा विश्वास बसेना. तो उठला आणि त्यानं पॉलेटच्या घरी फोन लावला. पलीकडून इतका गोंधळ ऐकू येत होता, की त्यानं रिसीव्हर कानापासून लांब धरला. मग फोन ठेवून तो मॅक्सीनसमोर येऊन बसला. त्याचा चेहरा असा झाला होता, की मिस्टर पिकल्सनी तो बघितला असता तर पगार वाढवला असता.

"मी नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"जानेवारीपासून नुसतं हरताना बघितलं. आणि हा एक..."

मॅक्सीनला त्याची कीव आली, आणि मनातल्या मनात थोडी मजाही वाटली. पण तिच्यानं राहवेना. तिनं टेबलावरची मिठाची आणि व्हिनेगरची बाटली ओढली, चमचे आडवे घातले, उकडलेलं अंडं ठेवायचा छोटा पेला गोलात ठेवला. "हे बघ. ही मी. ही पॉलेट," तिनं सॉसची बाटली उभी केली. "अकराव्या मिनिटाला त्यांची ती लालकेशी पोरगी इथून आत येते..."

"तू कुठं होतीस?"

"इथं."

"इथं? एवढ्या मागं?" ट्रेव्हरनं अंड्याचा पेला दोन बोटं पुढं सरकवला. आवाज फुटत नव्हता, तरी त्यानं मूठ टेबलावर आपटली. "पुढं यायला नको का, बये! झाड लावलंय का तुला?"

"ट्रेव्हर, मी तो अडवला."

"अडवलास, पण इथून अडवायचा होता," तो म्हणाला, आणि तिच्यासमोर नाकाला लावायला बर्फाची पिशवी ठेवत पुढं म्हणाला, "बरं. मग?"

पुढच्या वर्षी बॅटरक्लफ खालच्या विभागात खेळलं आणि तिथं मधोमध कुठंतरी राहिलं. मॅक्सीन आणखी सहा वर्षं गोलात उभी होती, गुडघा गेला तेव्हा थांबली. जोडी क्लेग देशाकडून खेळली, पण तिला गाडीचा परवाना मिळाला तो सातव्या वेळेला. आणि ट्रेव्हर निवृत्त होईपर्यंत पिकल्सची गाडी चालवत राहिला, आठवडाभर गप्प, मान खाली. लंडनविरुद्धच्या त्या सामन्याबद्दल बॅटरक्लफात कुणी विचारलं तर तोच पुढं होऊन सांगतो, मिनिटामिनिटाचं, हातवारे करून. त्यात तो स्वतः गोलामागच्या खांबापाशी असतो. मॅक्सीन शेजारी असली तर ती त्याला अडवत नाही, चहात साखर घालत राहते.